आठ दाबे ग्रीस

नदीकाठच्या त्या गॅरेजात मिस्त्रीला मिस्त्री म्हणून कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला इन्स्पेक्टर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि गंमत म्हणजे त्याला ते आवडायचं. संशय घेणं हे त्याला दुसऱ्याच्या चष्म्यावरचा डाग दिसावा इतकं सहज जमायचं. दूध आलं की आधी बोट बुडवून बघणार. डॉक्टरने "तब्येत ठणठणीत आहे" सांगितलं, तर "हा काहीतरी लपवतोय" म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढणार, गल्लीच्या टोकापर्यंत जाणार आणि चौथ्यांदा ओढायला परत येणार. बायको म्हणायची, "अहो, एक दिवस त्या कुलपाला हात फुटतील आणि तेच तुम्हाला ओढेल."

पण कामाला माणूस पक्का होता, हे त्याच्या वैऱ्यालाही मान्य करावं लागलं असतं. बावीस वर्षं त्याने गाड्यांच्या पोटाखाली काढली होती. आत्ता त्याच्या हाताखाली बारा एटीव्ही होत्या. मोटारसायकलसारखं हँडल, खाली चार जाडजूड टायर. हौशी मंडळी यायची, हेल्मेट चढवायची, वाळूतून धुरळा उडवत जायची, उथळ पाण्यातून नदी ओलांडायची, पलीकडच्या झाडीत फिरून परत यायची. त्यांची मजा व्हायची आणि गाडीच्या मागच्या ॲक्सलचे हाल. हा ॲक्सल म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा. तो दोन बेअरिंगांवर फिरतो, आणि प्रत्येक बेअरिंगच्या तोंडावर एक रबरी सील असतं. सगळा कारभार त्या सीलच्या बोटभर कडेवर. ती कड जागची हलली की पाणी आत. त्यात गाडी तापून आलेली, पाणी गार. आतली हवा आकसते आणि पाण्याला खेचूनच घेते. मग ग्रीस ताकासारखं पांढरं होतं, मग गंज, मग आतल्या गोळ्यांचा भुगा. हे सगळं इन्स्पेक्टरला तोंडपाठ होतं.

म्हणूनच तर तो चक्रावला होता. दरवर्षी हंगामभर टिकणारी बेअरिंगं यंदा तीन आठवड्यांत माना टाकत होती. जॅकवर गाडी चढवायची, चाक वरखाली धरून हलवायचं, की आतून खडखड. खोललं की पांढरं ग्रीस. एक झालं, दोन झाली, पाच झाली.

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो म्हणायचा, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते शब्दशः खरं होतं.

यंदा गॅरेजात दोनच गोष्टी नव्या आल्या होत्या. एक ग्रीसगन आणि एक साडू.

ग्रीसगनबद्दल काय सांगावं! लांब दांड्याची, भक्कम, चकचकीत. जुनीचं तोंड सैल झालेलं, दाबलं की बहुतेक ग्रीस मनगटावर यायचं. ही तशी नव्हती. रोज सकाळी पहिली फेरी सुटायच्या आधी इन्स्पेक्टर प्रत्येक गाडीच्या ॲक्सलला ग्रीस भरायचा. एका बाजूला आठ दाबे, दुसऱ्या बाजूला आठ. बावीस वर्षांचा हिशोब, त्यात बदल नाही. नवी गन हातात आली तेव्हा त्याने ती अशी काही पुसून ठेवली की बायकोने म्हणावं, मला कधी इतक्या प्रेमाने पाणी विचारलं नाही.

आणि साडू? बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बाटल्या भरायच्या कारखान्यात होता, तो बंद पडला आणि हा घरी बसला. मग काय, बायकोने इन्स्पेक्टरच्या कानाशी भुणभुण लावली. "तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे, एवढं करा." शेवटी त्याने शब्द टाकला आणि साडू धुलाईच्या उतारावर लागला. गमबूट चढवायचे, पाण्याचा जोरदार फवारा हातात घ्यायचा आणि परतलेल्या गाड्यांचा चिखल काढायचा. दोन दिवसांत त्याचं नाव फवारा पडलं. हसतमुख माणूस. सगळ्यांशी गोडीने बोलायचा, शिट्टी वाजवत काम करायचा, डबा उघडला की आधी दुसऱ्याला विचारायचा.

आता तुम्हीच सांगा, इतकं गोड माणूस असतं का कुठे? इन्स्पेक्टरच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

त्यात हा साडू चौकस. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बेअरिंग बसवण्याचे व्हिडिओ बघायचा. पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाला, "दादा, ग्रीस जरा जास्त होत नाही ना? नाही, आपलं सहज विचारलं."

इन्स्पेक्टरची तळपायाची आग मस्तकात. "पाणी मारणाऱ्याने पाणी मारावं," तो म्हणाला. "ग्रीस मी बघतो."

"बरं दादा," साडू म्हणाला आणि शिट्टी वाजवत गेला. इन्स्पेक्टरला ती शिट्टीही बरी वाटली नाही. हा आपल्या जागेवर डोळा ठेवून आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. मिस्त्रीची गाडी बिघडू द्यायची, मिस्त्रीचं नाव खराब होऊ द्यायचं आणि मग हळूच पाना हातात घ्यायचा. झालं, इतकं एकदा मनाने घेतलं की पुढचे पुरावे काय, चालत येतात. साडू फवारा ॲक्सलजवळ नेतो. साडू उकिडवा बसतो. साडू इकडेतिकडे बघतो आणि सीलपाशी अंगठा घालतो. हो, अंगठा! हे इन्स्पेक्टरने खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, एकदा नाही, तीनदा.

मग ती सात नंबरची गाडी भर नदीत अडकली. मागचं बेअरिंग जाम झालं, चाक फिरेना, आणि गाडीवर एक शाळेतल्या बाई. पाणी गुडघाभरच होतं, पण ओढ होती. वाटाड्याने हात धरून त्यांना काठावर आणलं. बाई कमरेपर्यंत भिजल्या होत्या आणि जे बोलल्या ते त्यांनी वर्गात कधी शिकवलं नसेल.

मालकीणबाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. त्या मोजकं बोलणाऱ्या. "आज गुडघाभर पाणी होतं म्हणून निभावलं. हे कुणामुळे होतंय ते मला शनिवारपर्यंत कळलं पाहिजे. ज्याच्यामुळे होतंय तो माणूस इथे राहणार नाही. मग तो कुणीही असो."

त्या दिवशी घरी गेल्यावर इन्स्पेक्टरने बायकोकडे नेलपॉलिश मागितलं.

"कशाला?"

"काम आहे."

"लाल की गुलाबी?"

"ठळक दिसेल ते."

बायकोने बाटली दिली, पण आता तिच्याही मनात पाल चुकचुकली, आणि दोन दिवस ती त्याच्या शर्टाची कॉलर बघत राहिली. इन्स्पेक्टरचा बेत वेगळाच होता. संध्याकाळी शेड बंद करताना त्याने प्रत्येक गाडीच्या ॲक्सलवर लाल रेघ मारली. निम्मी रेघ सीलच्या कडेवर, निम्मी बाहेरच्या लोखंडावर. सील जागचं केसभर हललं तर रेघ तुटणार. साधी गोष्ट, पण बघा डोकं कसं चालतं!

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे सकाळी ग्रीस भरलं. गन पुसली, फळीवर ठेवली. गाड्या गेल्या, आल्या, साडूने धुतल्या. संध्याकाळी हा टॉर्च घेऊन खाली सरपटला. बारापैकी नऊ गाड्यांची रेघ तुटलेली. वरची लाल खूण एकीकडे, खालची एकीकडे. आणि सीलभोवतीच्या ग्रीसमध्ये अंगठ्याचा स्वच्छ ठसा.

त्याला आनंद झाला, हे सांगितलंच पाहिजे. छातीत कसं गार वाटलं. मनातल्या मनात तो म्हणाला, सापडलास लेका.

शनिवारी अंगणात, मालकीणबाई, वाटाड्या, पहारेकरी, तिकीट फाडणाऱ्या ताई, सगळ्यांसमोर त्याने सांगितलं. रेघा दाखवल्या. ठसा दाखवला. साडूच्या अंगठ्याचं नाव घेतलं.

साडूचा चेहरा उतरला. त्याने एकदा गाड्यांकडे पाहिलं, एकदा फळीवरच्या ग्रीसगनकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही मला सील बाहेर काढताना पाहिलंत?"

"अंगठा घालताना पाहिलं. तीनदा."

"बरं," साडू म्हणाला. गमबूट काढले, उलटे करून पाणी निथळवलं, भिंतीशी नीट जोडीने ठेवले आणि गेला.

घरी जे झालं ते विचारूच नका. बायकोने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. तिने बोलणंच टाकलं. ताट आदळलं नाही, दार आपटलं नाही, फक्त गप्प. तिसऱ्या दिवशी एकच वाक्य बोलली. "माझी बहीण सामान बांधतेय. त्याच्या मामेभावाकडे चाललेत, तिकडे गोदामात काहीतरी मिळेल म्हणे. पोरीची शाळा मधेच सोडून." इन्स्पेक्टर म्हणाला, "मी काय करू? केलं त्याने." आणि कुलूप ओढून बघायला उठला.

सोमवारपासून नवा माणूस मिळेपर्यंत गाड्या इन्स्पेक्टर स्वतःच धुवत होता. फवारा लांबूनच मारत होता, ॲक्सलच्या आसपास तर नुसती बादली. रेघा नव्याने मारलेल्या होत्याच, सवय म्हणून. पहिल्याच संध्याकाळी सहज टॉर्च मारला.

रेघ तुटलेली. दहा गाड्यांची.

त्याने टॉर्च विझवला, परत लावला. तेच. फक्त आता ठसा नव्हता, आणि सील आधीपेक्षा जास्तच बाहेर आलेलं.

म्हणजे दुसरा कुणीतरी! इन्स्पेक्टरचं डोकं भणभणलं. पहारेकरी? त्याच्याकडे शेडची किल्ली असते. वाटाड्या? त्याला परवा सुट्टी नाकारली होती. तिकीटवाल्या ताई? त्या गाड्यांकडे फिरकत नाहीत, म्हणजे तर जास्तच संशय. मालकीणबाईंना गाड्या भंगारात काढून नव्या घ्यायच्या असतील, इथपर्यंत घोडं गेलं. त्याने पहारेकऱ्याला इतके उलटसुलट प्रश्न विचारले की तो म्हातारा म्हणाला, "इन्स्पेक्टर, मला सरळ बेड्या घाला, पण आता चहा पिऊ द्या."

मंगळवारी सकाळी त्याने ठरवलं. आज एका गाडीवरून नजर हलवायचीच नाही. सात नंबर घेतली. रात्री नव्याने मारलेली रेघ तपासली, शाबूत. गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, सील डोळ्यांसमोर आणलं. आता ही गाडी फेरीला जाईपर्यंत इथेच बसायचं, बघू कोण येतं ते. बसल्या बसल्या ग्रीसही भरून घेऊ म्हणून गन लावली. एरवी तो ग्रीस भरताना मोजत असायचा, नजर दांड्यावर. आज नजर रेघेवर होती.

एक. दोन. तीन. चौथ्याला दांडा जरा जड लागला. रोजच लागायचा, भरतंय छान, असं त्याला वाटायचं. पाच.

सहाव्या दाब्याला लाल रेघ मधोमध उघडली. आवाज नाही, काही नाही. आत ग्रीसला जागाच उरली नव्हती, म्हणून त्याने सील बाहेर ढकललं. सातव्याला कडेतून ग्रीसची वळी बाहेर आली.

इन्स्पेक्टर तसाच बसून राहिला. हातात दांडा, खाली यायचा राहिलेला आठवा दाबा. जुन्या गनचे आठ म्हणजे आतमध्ये जेमतेम दोन जायचे, बाकी सगळं मनगटावर. नव्या गनचे आठ म्हणजे आठ. बावीस वर्षांचा हिशोब होता तो, आणि त्याने रोज सकाळी बारा गाड्यांची चोवीस तोंडं स्वतःच्या हाताने पाण्याला उघडून दिली होती. आणि साडूचा अंगठा? तो सील बाहेर काढत नव्हता. बाहेर आलेलं आत बसवत होता. म्हणून तर बेअरिंगं तीन आठवडे तरी टिकली.

त्याला इतकी लाज वाटली की कुणी आसपास आहे का हे त्याने बघितलं. या वेळी संशयाने नाही.

दुपारी तो साडूच्या घरी गेला. दाराशी दोरीने बांधलेली खोकी. मेहुणीने दार उघडलं, "या भाऊजी" म्हणाली, पण आवाजात नुसता कोरडेपणा. साडू पंख्याची पाती काढत होता. इन्स्पेक्टरने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सहावा दाबा सांगितला. अंगठा सांगितला.

साडू म्हणाला, "माहीत होतं मला."

"माहीत होतं? मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"पहिल्या आठवड्यात बोललो होतो, दादा. तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय ना? आणि शनिवारी चार माणसांत काय सांगू? तुमचा हात चुकतोय म्हणून? मॅडम म्हणाल्या होत्या, ज्याच्यामुळे झालं तो जाणार. तुम्हीच मला तिथे लावलंत, मी तुम्हाला घालवू?" त्याने पंख्याचं पातं कागदात गुंडाळलं. "वाटलं, सील रोज दाबून बसवत राहीन, हंगाम निघून जाईल."

इन्स्पेक्टरचे डोळे भरले. "चुकलो रे मी," तो म्हणाला. "माफ कर."

"मला सांगून काय होणार?" मेहुणी मधेच म्हणाली. माफी नवऱ्याची मागितली होती, पण ती 'मला' म्हणून गेली आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. "ज्या अंगणात बोललात ना भाऊजी, तिथे बोला."

रात्रभर त्याने स्वतःला बऱ्याच पळवाटा सुचवल्या. मालकीणबाईंना एकटं गाठून सांगावं. गनमध्ये दोष होता म्हणावं. बुधवारी सकाळी मात्र तो अंगणात उभा राहिला, तीच माणसं गोळा केली, सात नंबरची गाडी मधोमध आणली आणि सगळ्यांसमोर आठ दाबे मारून दाखवले. सील सगळ्यांनी बाहेर येताना पाहिलं.

"तुम्ही म्हणाला होतात, ज्याच्यामुळे होतंय तो राहणार नाही," तो मालकीणबाईंना म्हणाला. "तो मी आहे."

मालकीणबाईंनी वाकून त्या तुटलेल्या लाल रेघेवर बोट फिरवलं. "तुम्हाला काढलं तर गाड्या कोण बघणार?" त्या म्हणाल्या. "शब्द मोडल्याचं पाप माझ्या माथी. पण ज्याला घालवलंत त्याला आज परत आणा. तो आला नाही, तर तुम्हीही येऊ नका."

दोन्ही बहिणींनी मिळून साडूला राजी केलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. खोकी सोडायला इन्स्पेक्टर स्वतः बसला. पोरीची शाळा वाचली, बायको बोलायला लागली, आणि बोलायला लागली ती चार दिवसांचं एकदम.

गॅरेजात कामाची रीत बदलली. आता ग्रीस दोनच दाबे, तेही चाक हाताने फिरवत, जड लागलं की थांबायचं. पाण्यातून आलेली गाडी आधी अर्धा तास सावलीत गार करायची, मगच धुवायची, फवारा ॲक्सलपासून लांब. हंगाम संपेपर्यंत एकही बेअरिंग गेलं नाही. मालकीणबाई खूश होत्या. इन्स्पेक्टर कुणालाही काहीही विचारेनासा झाला. पहारेकऱ्याला तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

एकच गोष्ट. साडू आता शिट्टी वाजवत नसे. गाडी धुऊन झाली की खिशातून मोबाईल काढायचा, खाली वाकायचा आणि डाव्या सीलचा एक, उजव्या सीलचा एक असे फोटो काढायचा. बाराच्या बारा गाड्यांचे. मग इन्स्पेक्टरपुढे येऊन स्क्रीन धरायचा. "बघून घ्या दादा. नीट बघा. सगळी जागच्या जागी आहेत."

इन्स्पेक्टर पहिले काही दिवस मुकाट्याने बघायचा. मग एका संध्याकाळी त्याला राहवेना. त्याने मोबाईलवर हात ठेवून तो खाली केला.

"अरे, हे कशाला रोज? माझा पूर्ण विश्वास आहे तुझ्यावर."

"तुमचा असेल, दादा," साडू म्हणाला. तो रागावला नव्हता, अगदी साधं बोलला. "माझा राहिला नाही."

आणि मोबाईल परत वर धरून म्हणाला, "आठ नंबर बघायची राहिलीय."

इन्स्पेक्टरने चष्मा पुसला आणि आठ नंबर बघितली.